पऱ्हाटीचं झाड

दाजी,

काल तुमचं तेरावं झालं. दुपारपर्यंत पंगती उठल्या, संध्याकाळी मांडववाला मांडव सोडून घेऊन गेला आणि अंगण पुन्हा मोकळं झालं. आज सकाळी ताईशी बोललो, अकराच्या जीपने घनसावंगीला आलो आणि तिथून बस धरून जालन्याला. आता घराच्या गच्चीवर बसलोय. माझे वड, पिंपळ, उंबर कुंड्यांतून समोर रांगेत आहेत. इतके दिवस शेजारच्यांनी पाणी घातलं, एकही वाळलेलं नाही. बरं वाटायला पाहिजे होतं. काही वाटलं नाही.

खरं म्हणजे या तेरा दिवसांत मला काहीच वाटलेलं नाही. रडू आलं नाही. माणसं येत होती, गळ्यात पडत होती, "बहिणीकडं बघा आता" म्हणत होती आणि मी मान हलवत होतो. चहा दिला की चहा पीत होतो, ऊठ म्हटलं की उठत होतो. बायकोचा भाऊ मोठा खंबीर, असं तुमच्या भावकीत बोललं जात होतं म्हणे. खंबीर कसला, दाजी. दाढ काढताना भूल देतात तेव्हा आपलाच ओठ आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालंय.

तुम्हाला काय झालं, किती वाजता झालं, ते मी लिहीत बसत नाही. तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत. मला तुमच्या पऱ्हाटीबद्दल बोलायचंय. आपलं ते भांडण अर्धंच राहिलं, आणि त्यातल्या दोन गोष्टी मी तुम्हाला सांगितलेल्या नाहीत. एक तुम्ही असताना सांगायची राहिली. दुसरी तुम्ही गेल्यावर घडली.

माघात कापूस वेचून संपला की आपल्याकडे सगळं रान चिमट्याने उपटून काढतात. पऱ्हाट्या मुळासकट निघतात, त्यांच्या मोळ्या घरामागे रचल्या जातात आणि वर्षभर पाणी तापवायला होतात. नऊ वर्षांपूर्वी तुमच्या विहिरीजवळ, पंपाच्या खोलीला चिकटून एक पऱ्हाटी उपटायची राहून गेली. गड्याच्या नजरेतून सुटली, की तुम्हीच सोडली, हे तुम्ही कधी एकसारखं सांगितलं नाही. दोन वर्षांत तिचा बुंधा मनगटाएवढा झाला. मग तुम्ही ती वरून छाटली, मुळं आखूड केली आणि गावच्या कुंभाराकडून मुद्दाम घडवून घेतलेल्या पसरट परळात बसवली. पंपाची मोटार जळली होती, तिच्यातली तांब्याची तार काढून दोन फांद्यांना गुंडाळली. आणि मला फोन केला, "पाव्हणं, या. तुमच्या जातीचं एक झाड केलंय."

मी चित्रकलेचा मास्तर. संभाजीनगरला बोन्सायचा दहा दिवसांचा वर्ग करून आलेला, गच्चीवर चाळीस कुंड्या बाळगणारा, जालन्यात चार लोक ज्याला विचारून रोपं घेतात असा माणूस. मी तुमच्या ओट्यावर ते परळ बघितलं आणि हसलो. पोट धरून हसलो. ताई चहा घेऊन आली, तिला म्हणालो, "दाजींनी सरपण कुंडीत लावलंय."

तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही कधीच रागावायचा नाहीत, तोच तर तुमचा त्रास होता. मांडी घालून बसलात आणि विचारलंत, "ह्येला झाड म्हणायचं का न्हाई?"

"नाही म्हणायचं. बोन्साय वृक्षाचं होतं. हे पीक आहे, दाजी. एका वर्षाचं."

"एका वर्षाचं कोण म्हणतं? आपण उपटून टाकतो म्हणून एका वर्षाचं. त्येला कोणी इचारलं व्हय, बाबा, तुला किती जगायचंय?"

"त्याला साल धरत नाही, तसा डौल येत नाही."

"हात लावून बघा की."

मी हात लावला नाही. लावला असता तर कळलं असतं, साल चांगली खडबडीत होती, बुंध्याशी उभ्या भेगा पडल्या होत्या. लांबून मला ते दिसतच होतं. दिसत होतं म्हणूनच हात लावला नाही.

मग तुम्ही म्हणालात, "तुमच्या वडाला तुम्ही सात वर्षं वाढू दिलं न्हाई, तरी तो वड. ह्या पऱ्हाटीला मी वाढू दिलं, तरी ती पऱ्हाटीच. हा कुठला इन्साफ, पाव्हणं?"

मी तेव्हा काहीतरी मोठं बोललो. जपानी परंपरा वगैरे. तुम्ही बिलकुल ऐकत नव्हतात, शेंडा खुडत होतात.

त्या पऱ्हाटीचे सगळेच वैरी होते. कृषी सहायक गावात सांगत फिरत होता, दुसऱ्या बहरासाठी कपाशी राखून फरदड ठेवू नका, बोंडअळी वाढते, वेचणी झाली की कपाशी उपटा. तुमच्या ओट्यावर पऱ्हाटी बघून तो थबकला. तुम्ही त्याला खुर्ची दिलीत, पाणी दिलंत आणि म्हणालात, "साहेब, ही फरदड न्हाई. हे बोन्साय हाय. जालन्याच्या माझ्या मेहुण्याला इचारा." त्याने खरंच मला फोन लावला. मी म्हणालो, नाही, ते बोन्साय नाही. कृषीवाला म्हणे पीक उपटा, बोन्सायवाला म्हणे पीक आहे, आणि मध्ये तुम्ही परळाला पाणी घालताय. ताई किती हसली होती त्या दिवशी. दर वर्षी त्या पऱ्हाटीला दोन-तीन बोंडं यायची, त्यातला कापूस ताई वेगळ्या डब्यात ठेवायची. म्हणायची, हा घरचा कापूस. शेतातला एवढा वेचून घरात पडलाय तो काय परक्याचा होता, असं मी विचारलं, तर तिने मला डब्याला हातही लावू दिला नाही.

आता पहिली गोष्ट सांगतो.

चार वर्षांपूर्वी जालन्याच्या झाडांच्या प्रदर्शनात आम्ही तिघं परीक्षक होतो, मी आणि दोन बायका. तुम्ही सकाळच्या पहिल्या गाडीने आलात. परळ मांडीवर, वरून उपरणं झाकलेलं. घनसावंगीच्या स्टँडवर गाडी बदलताना कोणाच्या हातात दिलं नाही म्हणालात. कपड्यांना कडक इस्त्री होती, दाढी गुळगुळीत होती. बोन्सायच्या टेबलावर एका चिंचेच्या शेजारी तुम्ही परळ ठेवलंत आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलंत. मी ते सगळं हॉलच्या दारातून बघत होतो.

अर्ध्या तासाने तुमचं परळ तिथून उचललं गेलं आणि "इतर शोभेची रोपे" लिहिलेल्या टेबलावर, मनीप्लांट आणि निवडुंगाच्या मध्ये जाऊन बसलं. मी तुम्हाला म्हणालो, "समितीचं ठरलं, दाजी. माझं एकट्याचं चालत नाही."

ते खोटं होतं. दोघी बायका म्हणाल्या होत्या, राहू द्या सर, वेगळं आहे, बुंधा बघा किती छान आहे. एक तर वाकून बघत होती आणि म्हणत होती, हे कपाशीचं? खरंच कपाशीचं? मीच अडून बसलो. म्हणालो, असं केलं तर उद्या कोणी तुरीची काडी घेऊन येईल. एक कारण हे, की लोक म्हणतील मास्तरने बहिणीच्या नवऱ्याला घुसवलं. पण ते वरवरचं होतं. खरं कारण असं की चिंचेच्या शेजारी तुमची पऱ्हाटी चांगली दिसत होती. ती चिंच माझी होती, स्पर्धेबाहेर मांडलेली. बारा वर्षं मी तिच्यामागे होतो, पुस्तकं वाचली, वर्ग केले, हत्यारं मागवली. तुम्ही जळक्या मोटारीची तार घेऊन दोन-तीन वर्षांत तिच्या शेजारी येऊन उभे राहिलात. मला ते सोसलं नाही.

त्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी तुमच्या टेबलापाशी झाली. बोन्सायच्या टेबलाला लोक लांबून बघायचे आणि पुढे जायचे. तुमच्यापाशी येऊन थांबायचे, "आरं, ही तं पऱ्हाटी!" म्हणायचे आणि एकमेकांना हाका मारायचे. परतूरकडचे एक म्हातारे शेतकरी होते, ते कितीतरी वेळ तिच्यासमोर हात मागे बांधून उभे होते. शेवटी तुम्हाला म्हणाले, "सारी उमर उपटत आलो हो. अशी होती, म्हाईतच नव्हतं." तुम्ही त्यांना चहाला घेऊन गेलात. संध्याकाळी परळ उपरण्यात बांधलंत आणि मला म्हणालात, "झालं मंग पाव्हणं. निघतो. जल्दी गेलं तं शेवटची जीप सापडंल." मला वाटलं, यांना काही लागलेलं नाही. पुढे ताईकडून कळलं की त्या दिवशी तुम्ही घरी येऊन न जेवता झोपलात.

चार वर्षांत मला सांगता आलं असतं. दिवाळीला आलो, लग्नांना भेटलो, एकदा तर तुमच्या मळ्यात दिवसभर दोघंच होतो. प्रत्येक वेळी तुम्हीच विचारायचात, "मंग, ठरलं का? झाड हाय का न्हाई?" आणि मी म्हणायचो, "पऱ्हाटीच आहे." आपल्या दोघांचं ते बोलणंच होऊन बसलं होतं. मला त्यात मजा वाटायची. तुम्हालाही वाटत असावी असं मी धरून चाललो होतो.

शेवटचा फोन तुम्ही जायच्या पाच दिवस आधीचा. "पानं काढली सारी, तुम्ही सांगितल्ता तसं. आता नुस्ती काडी दिसून राह्यली. कधी येता बघायला?" सगळी पानं खुडली की नवी फुटतात ती लहान येतात, आणि लहान पानांत बुंधा मोठा दिसतो. हे मीच शिकवलं होतं तुम्हाला. झाड मानत नव्हतो, पण युक्त्या शिकवत होतो. म्हणालो, रविवारी येतो. रविवारी आलो नाही, शाळेत कसली तरी बैठक होती. मंगळवारी आलो.

आता दुसरी.

तुम्हाला पोहोचवून आम्ही परत आलो तेव्हा दुपार कलली होती. घरात चूल पेटवायची नव्हती, भाकरी भावकीतून येणार होत्या. पण म्हाताऱ्या माणसांना अंघोळीला गरम पाणी पाहिजे होतं, म्हणून मागच्या अंगणात तीन दगड मांडून मोठं भगोणं ठेवलेलं होतं. मला कोणीतरी म्हणालं, मास्तर, जाळ बघा जरा. बरंच झालं, हाताला काम मिळालं. मी पऱ्हाट्यांच्या ढिगाशेजारी उकिडवा बसलो. एकेक ओढायची, मुळाची माती झटकायची, गुडघ्यावर धरून मोडायची, आत सारायची. कट् असा आवाज यायचा. कितीतरी वेळ मी तेवढंच करत होतो. डोक्यात दुसरं काही नव्हतं. तुम्हीही नव्हतात.

एक मोडेना. आखूड होती, दीड हाताची असेल, पण बुंध्याशी जाड. मुळांना मातीचा गड्डा होता, तो मी दगडावर आपटून पाडला. गुडघ्यावर धरून जोर लावला, नाही मोडली. पायाखाली धरून बघितली. मग शेजारच्याकडे कुऱ्हाड मागितली. त्याने आणून दिली. दोन घाव बसले, तिसऱ्याला तुकडे झाले. मी ते जाळात सारले. पाणी तापलं. पहिली बादली तुमच्या थोरल्या काकांना दिली.

तिसऱ्या दिवशी तुमची राख सावडून आलो आणि मागच्या अंगणात पाय धुवायला गेलो. ताईची जाऊ त्या दगडांमधली राख भरत होती. खराट्याला काहीतरी अडकलं म्हणून तिने ते उचलून बाजूला टाकलं. तांब्याची तार होती. वेटोळी तशीच होती, फांदी मधून निघून गेलेली. जाळाने काळीनिळी झाली होती.

मी समोरच्या ओट्यावर गेलो. जिथे परळ असायचं तिथे खुर्च्या होत्या. विचारलं तर कळलं, तुम्हाला नेलं त्या सकाळी माणसांना बसायला जागा करताना पोरांनी कुंड्या मागे नेल्या, त्यात परळ फुटलं, आणि त्यातली पऱ्हाटी कोणीतरी ढिगावर टाकली. टाकणाऱ्याची काय चूक? पान नाही, बोंड नाही, मुळाला माती. पऱ्हाटी ढिगावरच टाकतात. पण मी? मी सात वर्षं तिच्याशी भांडलेला माणूस. चाळीस पोरांच्या वर्गाला मी रोज सांगतो की आधी नीट बघा, मग पेन्सिल उचला. आणि ती माझ्या दोन हातांत होती, तारेसकट गुडघ्यावर होती, आणि मी बघितलं नाही. पऱ्हाटीला कुऱ्हाड लागत नाही, दाजी. आपल्याकडे कोणी आयुष्यात पऱ्हाटीसाठी कुऱ्हाड मागितलेली नाही. मी मागितली, घाव घातले, आणि तरी मला कळलं नाही की मी काय तोडतोय.

तार खिशात घातली. तेव्हापासून तेरावं होईपर्यंत रोज ठरवत होतो, आज ताईला सांगू. ती विचारील, परळ कुठाय, मग सांगावंच लागेल. ती विचारीना. माणसांच्या गराड्यात बसलेली असायची, कोणी आलं की पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायची, सकाळी चहा घेतला, शेतात गेले, तिथून पुढे सगळं. परळाचं नाव नाही. मला वाटलं, तिचं लक्षच नाही. एकदा वाटलं, सांगूच नये, नवं दुसरं काहीतरी कुंडीत लावून देऊ. इतका हलका विचार माझ्या डोक्यात आला, हेही तुम्हाला सांगून टाकतो.

आज सकाळी निघायच्या आधी तिने मला चहा दिला आणि समोर बसली. घरात आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "ताई, तुला एक सांगायचंय. दाजींच्या त्या परळातली..."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली.

मी हातातली बशी खाली ठेवली.

"तू त्येंचं झाड जाळात घातलंस. मी दारातून बघितलं. बाया म्हणल्या, काय बघून राह्यलीस? म्हणलं, काय न्हाई." तिने पदराने कप पुसला, पुसलेलाच होता तो. "बरं केलंस, विलास. त्येंच्यासंगंच गेलं. मागं राह्यलं असतं तं मला रोज पाणी घालावं लागलं असतं, अन् रोज त्येंची याद. दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं हे."

"ताई, ऐक..."

"मला वाटायचं, तुझा जीवच न्हाई त्याच्यावर. लई हिणवायचास तू. ते हसण्यावारी न्यायचे, पण लागायचं त्येंना. मंग त्या दिशी बघितलं, तू कुऱ्हाड मागून घेतली, नीट तोडलंस, हातानं एकेक तुकडा आत ठेवलास. दुसरा असता तं तसंच कोंबून दिलं असतं. मनात म्हणलं, ह्येला सारं म्हाईत होतं. तोंडानं म्हणत नव्हता एवढंच."

खिशात तार होती. बाहेर काढून तिच्यासमोर ठेवायची आणि सांगायचं, मला काही माहीत नव्हतं, मला ते सरपण वाटलं. एवढंच करायचं होतं. तेरा दिवस त्याचीच तयारी चालली होती. पण तेरा दिवसांत तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा काहीतरी निवलेलं बघत होतो आणि ते माझ्या हाताने मोडायचं माझं धाडस झालं नाही. ते भित्रेपणाने की मायेने, मला ठरवता येत नाही. म्हणून तुम्हाला लिहितोय. तिच्यापासून लपवलं, पण ते कोणाला तरी कळलं पाहिजे.

तिने विचारलं, "झाडच होतं ना रे ते?"

"झाडच होतं, ताई."

ती मान हलवून आत गेली आणि माझ्यासाठी भाकरी बांधून घेऊन आली. दाजी, सात वर्षं तुम्ही विचारत होतात, आणि उत्तर तिला मिळालं.